डोक्यातला किडा

सकाळी धाकट्या दिराला एमआरआयच्या मशीनमध्ये सरकवलं तेव्हा बाहेर अकरा माणसं ताटकळत होती. मशीन चालवणारी त्याची सख्खी वहिनी. घरच्याचा लाड केला असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने सगळ्यांसारखीच मेंदूची झटपट चित्रं, म्हणजे जाड काप, घेतले आणि त्याला उतरवलं. रिपोर्ट आला: मेंदूत गाठ, बहुधा कॅन्सरची. उद्या सकाळी कवटी उघडायची! चांगला हसताखेळता शिंपी. दोन फिट काय आल्या, घराची पार रया गेली.

दुपारी तिने डबा तसाच ठेवला. पडद्यावर ती गाठ ती पुन्हा पुन्हा मोठी करून बघत होती. पांढरं कडं, मध्ये काळं. त्या काळ्यात काही आहे का, हे जाड कापांत कळतच नव्हतं. पाच मिनिटं वाचवायला गेले मेली! तिने दिराला वॉर्डातून परत बोलावलं, रांगेतल्यांची बोलणी खाल्ली आणि या वेळी अगदी पातळ काप घेतले.

कड्याच्या आत, एका बाजूला चिकटून, ठिपका होता. तिने रेडिओलॉजिस्ट बाईंना हाताला धरून आणलं.

"अगं, हे तर अळीचं डोकं!" बाई म्हणाल्या. "कॅन्सर नाही हा. ऑपरेशन थांबवायला सांगते."

ती वॉर्डात धावली. "आई, ऑपरेशन रद्द! भावजींच्या डोक्यात किडा आहे!"

सासूबाई ताडकन उठल्या. "तो जन्मापासूनच आहे! माझ्या पोराची कवटी फोडायला निघालेत, आणि तुला थट्टा सुचते?"

"थट्टा नाही हो! खरीखुरी अळी. अंडी पोटात गेली, त्यातली अळी रक्तातून डोक्यात चढली. औषधाने बरं होतं."

सासूबाई मटकन बसल्या आणि हमसून हमसून रडल्या.

"मग सकाळी का नाही दिसली, वहिनी?" दिराने विचारलं. तिचा चेहरा बघून तोच म्हणाला, "मीच हललो असेन."

हो म्हटलं असतं तर सुटली असती.

"नाही भावजी. तुम्ही दगडासारखे पडून होतात. घाई मी केली. गर्दी असली की सगळ्यांचीच करते."

सासूबाईंनी डोळे पुसले. "सगळ्यांची? मग सकाळची ती बाकीची माणसं?"

ती खाली आली आणि पुन्हा तपासणीला बोलवायला तिने सकाळच्या पहिल्या माणसाला फोन लावला.