दाराखालची फट

आमच्या लहानपणावर मी केलेला चित्रपट दुसऱ्या दिवशी सकाळी महोत्सवाला पाठवायचा होता. दादाची सही तेवढी बाकी होती. चित्रपटात तो होता. त्याच्या परवानगीशिवाय पाठवणं मला जमलं नसतं. बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. त्यांना विचारायचं राहूनच गेलं.

संकलनाच्या खोलीत दादा कोटही न काढता बसला. त्याच्यासाठी चित्रपट लावला. मी पडदा सोडून त्याच्या गुडघ्यावरच्या हाताकडे बघत होते.

मग तो प्रसंग आला. मुलाच्या हातून गिऱ्हाइकाचं घड्याळ पडतं. घड्याळं दुरुस्त करणारा बाप त्याला थंडीत दाराबाहेर उभं करतो, डोळ्याला भिंग लावून पुन्हा कामाला बसतो आणि अंधार पडेपर्यंत मान वर करत नाही. सगळा चित्रपट या प्रसंगावर उभा होता.

"थांबव."

मी थांबवलं. "काढून टाकू?" विचारलं खरं, पण मग उरणार काय होतं?

"हे कुणी सांगितलं तुला?"

"मी पाहिलंय. माळ्याच्या खिडकीतून."

"तिथून मी दिसत होतो. बाबा दिसत होते?"

नव्हते. ते कामाला बसले असणार, हे मी धरून चालले होते. चाळीस वर्षं.

"पाय भरून आले म्हणून मी उकिडवा बसलो," दादा म्हणाला, "तर दाराखालच्या फटीत त्यांच्या सपाता. अगदी दाराला चिकटून. शेवटपर्यंत हलल्या नाहीत."

"मग दार का नाही उघडलं?"

"मी कडी वाजवायची वाट बघत असणार. मी बरा वाजवतोय! मुलगा कुणाचा?"

"कधी बोलला नाहीस."

"तू कधी विचारलंस, दिग्दर्शकबाई?" त्याने कागद माझ्याकडे सरकवला. "यावर मी सही करणार नाही."

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. मी कपाटातून कॅमेरा काढला. बाबांच्या सपाता दादाच्याच गाडीत होत्या. घर आवरताना उचललेल्या, त्याला टाकवत नव्हत्या.

मी संकलनाच्या खोलीच्या दाराबाहेर जमिनीला गाल टेकून आडवी झाले. दादाने सपाता पायात घालून आतून दार लावलं. फटीत त्या आल्या.

"पुढे ये. अजून. आता हलू नकोस."

"माहितीय गं."

दहा सेकंद पुरले असते. मी कॅमेरा बंद केला नाही. दादाही हलला नाही.

बऱ्याच वेळाने मीच हात वर करून दार वाजवलं. ते लगेच उघडलं. दादाच्या हातात पेन होतं.