घड्याळजींचं वाचन

प्राध्यापक बाईंनी उभा जन्म अरबी कवितेत घातला, त्यातही सूफींच्या. नवरा मात्र मिळाला घड्याळजी, आणि या गृहस्थाला कवितेचं वावडं! पण बाईंची नजर अधू होत गेली, आणि आयुष्यभर ज्यांच्यामागे लागल्या त्या एका जुन्या सूफी कवीच्या कविता छापण्याआधी मूळ हस्तलिखिताशी ताडून पाहायच्या राहिल्या होत्या. अरबी अक्षरं ओळखायची टिंबांवरून, आणि त्यातली टिंबं मुंगीच्या डोळ्याएवढी. मग घड्याळजी अक्षरं शिकले. अर्थ नाही हं, नुसती अक्षरं. डोळ्याला दुकानातलं भिंग लावून ते हस्तलिखित मोठ्यानं वाचायचे, आणि बाई मोठ्या टायपातली आपली प्रत धरून टिंब न् टिंब तपासायच्या.

या सगळ्या प्रार्थना आहेत, अशी घड्याळजींनी आपली समजूत करून घेतली होती. म्हणून वाचण्याआधी हात स्वच्छ धुवायचे, शर्टाचं वरचं बटण लावायचं आणि खिडकीकडे तोंड करून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं खणखणीत वाचायचं. बाईंनी कधी खुलासा केला नाही. लाजून थांबले तर पुस्तक अडेल ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्या आवाजाची त्यांना चटक लागली होती.

शेवटची कविता राहिली आणि माशी शिंकली. छपाईची पानं घेऊन आलेली विद्यार्थिनी वाचन ऐकून दारातच थबकली आणि कौतुकानं बोलून गेली, की काका, बायकोला इतकी उत्कट प्रेमकविता वाचून दाखवणारा नवरा मी पाहिला नाही. वर अर्थही सांगून टाकला: तू मला दारातून घालवलंस, पण माझी सावली अजून तुझ्या उंबऱ्यावर बसून आहे.

घड्याळजींचे कान लाल झाले. ती गेल्यावर त्यांनी भिंग डबीत ठेवलं आणि फुरंगटून सांगितलं, की या वयात गल्लीभर शोभा झाली, आता दुसरं कोणीतरी बघ वाचायला. बाईंना वाचणारा दुसरा मिळाला असता. हा कुठून आणायचा?

"अहो, हे देवाला म्हटलंय की माणसाला, यावर मी अख्खी नोकरी काढली," त्या म्हणाल्या. "लोक अजून भांडतात. मला उत्तर सापडलं नाही. तुम्ही वाचता तेव्हा मात्र ते शोधावंसंच वाटत नाही."

घड्याळजी उठून आत गेले. संपलं, असं बाईंना वाटलं. तेवढ्यात नळ सोडल्याचा आवाज आला. हात पुसत ते परतले, खिडकी लावून घेतली, वरचं बटण लावलं आणि खुर्ची फिरवून थेट बाईंच्या समोर ठेवली.

"ऐक आता," म्हणाले, आणि त्या सावलीच्या ओळीपासून हळू आवाजात सुरुवात केली.

बाईंना हातातल्या प्रतीतलं एकही अक्षर दिसेना. ते पान दुसऱ्या दिवशी पुन्हा ताडून पाहावं लागलं, आणि घड्याळजींनी एका शब्दानं कुरकुर केली नाही.