बारा नंबर आणि लाकडी कपाट

दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, पण खुर्चीवर टेकायला कुणी तयार नव्हतं. सगळे भिंतीला पाठ लावून आतल्या दारावरच्या लाल अक्षरांच्या बोर्डाकडे बघत होते. तिथे ११ लागलं होतं, आणि आकड्याला चिकटून शिंपीकाकांचं नाव, पहिली दोन अक्षरं सोडून. शिंपीकाका काल इथूनच औषध घेऊन गेले आणि रात्री वारले. अकरा नंबरवाला चपला टाकून कधीच पळाला होता.

दारातल्या बुवाला आयतंच कुरण मिळालं. “दोन अक्षरं गिळलीत, आता सोबतीला माणूस नेणार,” असं सांगत तो काळे दोरे विकत होता. भूत व्यवहारी असावं. दोरा घेणाऱ्याला ते सोडणार होतं.

बारा नंबरची चिठ्ठी एका आईच्या मुठीत भिजली होती. कडेवर लेक धापा टाकत होती, ओठ निळसर पडले होते. आत जावं तर भूत, बाहेर जावं तर दमा. ती दोऱ्याकडे वळली.

डॉक्टरीणबाई आडव्या आल्या. वाफेचं यंत्र तयार आहे, चल, म्हणाल्या.

“बाई, माझी एकुलती एक आहे. त्या नावाखालून नाही नेणार मी तिला.”

बाई तडक कॉम्प्युटरपाशी गेल्या. त्यांनी टाइप केलं, ‘मोठं लाकडी कपाट’. बोर्डावर तेच उमटलं. मग १२ लावलं. बोर्डावर आलं, ‘१२ लाकडी कपाट’.

“बुवा, हे कपाट कधी वारलं?”

कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवा दोरे गोळा करू लागला.

कालपर्यंत बोर्डावर नावं लागत, शेवटचं शिंपीकाकांचं. आजपासून नवा प्रोग्रॅम, नुसते आकडे. पण आकड्यापुढच्या उरलेल्या जागा रिकाम्या करायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. पाटी न पुसता वर लिहावं, तसं झालं. “चूक आमची,” म्हणत बाईंनी स्पेसची कळ दाबत नेली. कपाट एकेका अक्षराने गेलं आणि १२ तेवढं उरलं.

आई लेकीला घेऊन आत गेली. लेकीच्या ओठांवर रंग परतला तेव्हा ती ढसाढसा रडली.

भीती सगळ्यांनाच वाटते. पण घाबरलात की आधी विचारा, मागचं पुसलं होतं का? दोऱ्याची गाठ बसेपर्यंत त्या पोरीच्या दम्याने वाट पाहिली नसती.