चौथा खड्डा

“दीवार है, बाबूजी,” खड्ड्यातून मजूर रामसजीवन ह्यांना म्हणाला. “देखिए, कैसी सीधी जा रही है.”

मी जेवणाचा डबा हातात तसाच धरून वाकले. पुरुषभर खोल खड्ड्याच्या तळाशी रुंद, चपट्या विटांचे पाच थर दिसत होते. अशा विटा हल्ली कोणी पाडत नाही, एवढं मलाही कळत होतं.

१९९४चा मार्च होता. शहराबाहेर, बख्शी का तालाब गावाच्या वाटेवरच्या त्या टेकाडाला गावकरी गढी म्हणत. तिथे खरंच किल्ला होता का, हे पाहायला सरकारी उत्खनन कचेरीने चार खड्डे घ्यायचे ठरवले होते; हा त्यातला शेवटचा. काही निघालं तर जागा सरकारची, नाही निघालं तर तिथे एका सोसायटीची घरं होणार. आमचे हे त्याच कचेरीत छत्तीस वर्षं नकाशे काढत होते. सोसायटीतला एक प्लॉट माझ्या नावावर होता, हे मात्र कचेरीत कुणाला ठाऊक नव्हतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि अलीगंजच्या घरमालकाने मुलाच्या लग्नासाठी आमच्या खोल्या परत मागितल्या होत्या. दुसरीकडे घर घेण्याची आमची ऐपत नव्हती.

ह्यांचे साहेब मीटिंगला शहरात गेले होते. हे खाली उतरले, बोटांनी विटेवरची माती झाडली आणि बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले.

“मिट्टी डाल दो,” वर येऊन म्हणाले. “कमर तक.”

“अभी तो निकली है, बाबूजी.”

“डाल दो.”

साहेब येईपर्यंत भिंतीला धक्का लागू नये म्हणून माती टाकली असेल, असं मला वाटलं. स्कूटरवरून परतताना मीच म्हटलं, “जाऊ दे हो. राहू कुठेतरी भाड्यानं. तुम्हाला किल्ला तरी सापडला. सगळा जन्म फुटक्या खापऱ्यांची चित्रं काढण्यात गेला.”

“नीट धर, पडशील,” एवढंच ते बोलले.

वाईट वाटत होतं, पण मनातून मला अभिमानच वाटत होता. खापरीवरचा एक तडा चुकीचा काढला म्हणून ह्यांनी अख्खा कागद फाडलेला मी पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता. खड्ड्याच्या बाजूला दिसणारे मातीचे थर एकाखाली एक काढायचे, प्रत्येकाला नाव द्यायचं. जिथे माणसाचा हात कधी लागला नाही, त्या सगळ्यांत खालच्या थराला लिहायचं : मूळ माती. ते लिहिलं की खड्डा संपला. चौथ्या खड्ड्यात ते शब्द कमरेइतक्या खोलीवर लिहिलेले होते.

“अहो, पण भिंत याच्या खाली आहे.”

“कुठली भिंत?”

तेहतीस वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, तो माणूस मान वर न करता म्हणाला, “तो दिवा जरा इकडे सरकव.”

आणि मी तो सरकवला. त्याचा धक्का मला आजही बसतो.

साहेबांनी खड्डा वरूनच पाहून सही केली.

पुढच्या वर्षी आमचा पाया खणताना भिंत पुन्हा निघाली. ठेकेदार खूश झाला. “माताजी, आपकी नींव तो पहले से पड़ी है.” हे उठून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. भिंतीवरच भिंत चढली.

वास्तुशांतीला रामसजीवनला बोलावलं होतं. त्याने फाटकापाशी उभ्यानेच पेढा खाल्ला.

“अंदर तो आइए, भैया.”

“नहीं माताजी, यहीं ठीक है.”

जाताना त्याने मला हात जोडले. ह्यांना नाही.

आम्ही दोघं त्याबद्दल कधीच बोललो नाही. चारेक वर्षांनी नात जुई सुट्टीला आली होती, तेव्हा वही घेऊन ह्यांच्याकडे गेली.

“आजोबा, इंडिया का मैप बना दो ना. मम्मी कहती है आप एकदम असली जैसा बनाते थे.”

ह्यांनी पेन्सिल घेतली. टोक कागदावर टेकवलं. ते तिथेच राहिलं. मग वही मिटून त्यांनी तिला परत दिली.

“हाथ काँपता है, बेटा. दुकान से छपा हुआ ले आएँगे.”

जुई रुसून निघून गेली. मी चहा पुढे केला. काठोकाठ भरलेला कप उचलून त्यांनी अर्धा बशीत ओतला. थेंबही सांडला नाही.