आक्काचा पत्ता

दत्ताराम गुरुजींनी लेकीच्या, नीलाच्या, लग्नपत्रिकेवर 'श्रीमती सोनाबाई' एवढं लिहिलं आणि पेन थांबवून आत हाक मारली. आक्काचं गाव कोणतं, ते जानकीबाईंनी सांगायचं होतं.

जानकीबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. बहीण तुमची आणि गाव मला काय विचारता, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"माझी?" गुरुजी दारात येऊन उभे राहिले. "अगो, आक्का तुझ्या माहेरची ना?"

तव्यावरची भाकरी करपली तरी दोघं एकमेकांकडे बघतच राहिले.

दरसाल वीस मार्चला चवदार तळ्यावर यायला घाटमाथ्यावरून माणसं उतरत आणि आदल्या दिवशी महाडात ओळखीपाळखीच्या घरी टेकत. एकवीस वर्षांपूर्वी, नीला पाळण्यात होती तेव्हा, त्या गर्दीत आक्का पहिल्यांदा घरी आली. जानकीबाईंना वाटलं, ही नवऱ्याची चुलत बहीण. गुरुजींना वाटलं, ही बायकोच्या नात्यातली. आता जोडीदाराच्या माणसाला 'तुम्ही नक्की कोण' असं विचारायचं, म्हणजे जेवायला वाढताना हात आखडण्यातलाच प्रकार. तेव्हा विचारलं कुणीच नाही. उलट एकमेकांचं मन राखायला दोघंही तिची अंमळ जास्तच उस्तवार करत आले.

नीलाला आधी खूप हसू आलं. मग ते ओसरलं.

तिच्या लेखी मार्च म्हणजे आक्का. परीक्षेचा अभ्यास टाकून ती ओट्यावर बसून राहायची. आळीत पाणी शिंपडलेलं असायचं, निळ्या पताका वाऱ्यावर फडफडायच्या, आणि उन्हानं सगळं महाड जरा हलल्यासारखं दिसायचं. त्या हलत्या उन्हातून एक हिरवं लुगडं पुढं पुढं यायचं. ओच्यात ज्वारीच्या लाह्या असायच्या. जेवणं झाली की नीला तिच्या मांडीवर डोकं ठेवायची. लुगड्याला चुलीच्या धुराचा आणि वाटेच्या मातीचा वास यायचा. बाहेर कुणीतरी पेटीवर गाणं बसवत असे, ते सूर जवळ येत, लांब जात, आणि झोप कधी लागली ते कळत नसे. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या पायरीवर आक्का पाणी आधी नीलाच्या ओंजळीत घालायची, मग स्वतः प्यायची. नीला कॉलेजात जायला लागली तरी आक्कानं हा क्रम मोडला नाही.

आता येत्या मे महिन्यात नीलाचं लग्न होतं, सासर मुंबईत. गेल्या वर्षी तळ्याकडे जाताना आक्का दोनदा वाटेत बसली होती. एखाद्या मार्चला ती आलीच नाही, तर तिला शोधायला कुठं जायचं, हे या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. गुरुजींनी मात्र बजावून ठेवलं, की कुणी काही विचारायचं नाही. इतक्या वर्षांनी विचारलं तर तिला वाटेल, दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, एकोणीस मार्चला, दुपारी आक्का आली. नीलानं तांब्या घेतला आणि ओट्याच्या कडेला तिच्या पायांवर पाणी घालू लागली. पाय सुजले होते. ते बघून तिला राहवलं नाही.

"आक्का, तू आमची कोण?"

आक्कानं पाय आवरून घेतले.

"कुणी न्हाय गं," ती म्हणाली. "त्या साली घाट उतरून आले. समद्यास्नी न्यायला कुणी ना कुणी हुतं. तुझी आय दारात उबी, म्हनली, या आक्का, किती उशीर केलात. म्या मागं वळून बगितलं. मागं कुणीच नव्हतं."

उद्या खरं काय ते सांगू, असं तेव्हा तिनं ठरवलं होतं. पण दुसऱ्या दिवशी गुरुजी स्टँडवर आले, एसटीत खिडकीजवळची जागा धरून दिली आणि पुढच्या वर्षी लवकर या म्हणाले. तिला असं म्हणणारं तिच्या गावात कुणी उरलं नव्हतं. मग पुढच्या वर्षी ती लवकर आली.

नीलानं वर पाहिलं. आईबाबा दोघंही दारात होते आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं. आक्कानं पिशवी जवळ ओढली.

गुरुजींच्या हातात ती अर्धवट लिहिलेली पत्रिका होती. नीला पुढं झाली आणि पत्ता लिहायला पेन मागू लागली.

"नको," गुरुजी म्हणाले. "घरच्या माणसाला कुणी पत्रिका धाडतं का?"

"आठ दिस आदी या, आक्का," जानकीबाई म्हणाल्या. "हळदीला मी एकटी काय काय बघू?"

पिशवी आत नेऊन ठेवायला म्हणून त्यांनी हात पुढं केला. आक्कानं ती देऊन टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि पाय पुन्हा नीलापुढं केले. नीला पाणी घालू लागली. तांब्या रिकामा झाला.

मग आक्काच हळूच म्हणाली, "लिवून घे, बाय. हिर्डोशीच्या पल्याड, वड्याकाठची वाडी. शेवटचं घर. एकांद्या साली आले न्हाय, तर कुणीतरी बगाया या."

नीलानं तांब्या खाली ठेवला, हात पुसले आणि बाबांच्या हातातली पत्रिका घेऊन आक्काच्या नावाखाली लिहायला घेतलं.