माझ्या आकड्याला टांगलेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना सलाईनचा स्टँड आहे. लोखंडाचा उभा दांडा, वर चार आकडे, खाली पाच चाकं. चाकं असलेल्याला जग फिरायला मिळतं, असं तुम्हाला वाटत असेल. मला मिळाला तो सर्बियातल्या निश शहरातल्या एका रुग्णालयाचा दुसरा मजला, आणि त्यातलाही एकच लांब व्हरांडा. एका टोकाला खिडकी, दुसऱ्या टोकाला दार. दाराच्या उंबरठ्यावरून माझी चाकं कधी गेली नाहीत.

माझा जन्म मोरावा नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा हा देश खूप मोठा होता. पुढे त्याचे तुकडे झाले, पण मी एकसंधच राहिलो. सुरुवातीला माझ्यावर काचेच्या बाटल्या टांगत. मग काही वर्षं अशी आली, की औषधंच येईनात. माझे आकडे रिकामे असत आणि डॉक्टर माझ्याकडे न बघता पुढे जात. त्यानंतर प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. मधे कधीतरी माझं एक चाक वाकलं आणि मी डावीकडे ओढायला लागलो. सगळे मला ‘डावखुरा’ म्हणू लागले.

माझं काम सोपं होतं. माणूस खुर्चीत बसला, की त्याच्या हातातली नळी माझ्या पिशवीला जोडत. मग तो आणि मी एकमेकांना बांधले जायचो. तो संडासला गेला, तरी मी बरोबर. संध्याकाळी नळी निघाली, की तो घरी जाई आणि मी खिडकीजवळ उभा राही. अडकलेले आम्ही दोघेही असू, पण त्याची सुटका संध्याकाळी व्हायची.

आमच्या मजल्यावर रक्ताच्या आजारांचे रोगी येत. तुमच्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यांतल्या काहींना बी-पेशी म्हणतात. रोगजंतू आला, की त्याला ओळखणं आणि त्याच्याविरुद्ध हत्यारं तयार करणं हे त्यांचं काम. कधीकधी त्यांतली एखादी बिघडते आणि आपल्यासारख्याच बिघडलेल्या पेशी वाढवत सुटते. मग मानेत, काखेत गाठी येतात. या आजाराला बी-पेशींचा लिम्फोमा म्हणतात. त्यावर औषधं आहेत, पण ती सगळ्यांना पुरी पडत नाहीत. म्हणून नवी औषधं शोधतात आणि ती माणसांना देऊन काळजीपूर्वक पाहतात. त्याला चाचणी म्हणतात. चाचणीत डॉक्टरलाही उत्तर ठाऊक नसतं. रोगी आणि डॉक्टर मिळूनच ते शोधतात.

अशाच एका चाचणीसाठी देसांका आजी आमच्याकडे आल्या. स्व्हर्लिगजवळच्या डोंगरातल्या एका खेड्यात त्यांचं घर होतं. वय सदुसष्ट, डोक्याला रुमाल, मानेवर अक्रोडाएवढी गाठ. आधीचे दोन उपचार लागू पडले नव्हते. आता नवी गोळी रोज घरी घ्यायची आणि महिन्यातून एक दिवस इथे येऊन माझ्यावरची पिशवी घ्यायची. त्या दिवशी तीनदा रक्त काढत आणि गोळी रक्तात किती उतरली ते मोजायला परदेशातल्या प्रयोगशाळेकडे पाठवत.

पहिल्या दिवशी स्लाव्हिका सिस्टर बावीस पानांचा कागद घेऊन त्यांच्यासमोर बसली. स्लाव्हिका इथे नोकरीला लागली तेव्हा दोन वेण्या घालायची. म्हणून मी तिच्याविषयी अजून एकेरीतच बोलतो.

“आजी, इथं लिहिलंय, तुम्हाला वाटलं तर चाचणीतून केव्हाही बाहेर पडता येईल.”

“बाहेर पडून जाऊ कुठं, बाई?” आजी म्हणाल्या. “पुढचं विचार.”

“दुसरं काही औषध घेता?”

“नाही.”

“कंतारिओन घेता का?”

“ते तेल कशाला? मला कुठं भाजलंय?”

शेजारच्या खुर्चीत त्याच चाचणीतले तिहोमिर बसले होते. रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनचालक, जिभेला हाड नसलेले. ते खो खो हसले. “सिस्टर, वहिनींच्या मानेला तेल चोळून गाठ जाणार असती, तर आपण सगळे तेलातच बसलो असतो.”

स्लाव्हिकाही हसली आणि तिने ‘नाही’ या चौकोनात खूण केली. मी शेजारीच उभा होतो. मलाही त्यात काही चुकीचं दिसलं नाही.

त्यानंतर दर महिन्याला आजी यायच्या. एक कापडी पिशवी माझ्या खालच्या आकड्याला अडकवायच्या. तिच्यात हिरवा थर्मास असे. मग मला ढकलत खिडकीपर्यंत जायच्या.

“वहिनी, हा घोडा तुमचा डावीकडेच ओढतो,” तिहोमिर म्हणायचे. “निवडणुकीला उभा करा त्याला.”

“उभा तर तो आहेच. तुमच्यासारखा दिवसभर बसून नसतो,” आजी उत्तर द्यायच्या.

तीन महिने गेले. तिहोमिरांच्या काखेतली गाठ बोटाला लागेनाशी झाली. आजींची मात्र अक्रोडाएवढीच होती, आणि मग थोडी वाढली. त्याच आठवड्यात परदेशातून कागद आला. आजींच्या रक्तात गोळी जवळजवळ नव्हतीच.

चाचणी पाहणाऱ्या नेव्हेना डॉक्टर तो कागद हातात घेऊन आल्या. त्यांचा चेहरा उतरलेला होता. “आजी, खरं सांगा. मी रागावणार नाही. गोळ्या घेता ना?”

“रोज सकाळी. रिकाम्या बाटल्या आणून देते की.”

“बाटल्या रिकाम्या आहेत. पण रक्तात गोळी सापडत नाही.”

“म्हणजे मी कोंबड्यांना घालते?”

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाल्या, “असं राहिलं, तर चाचणीवाले तुम्हाला काढतील. आणि आजी, यापुढे द्यायला माझ्याकडे दुसरं काही नाही.”

आजींची नळी मला जोडलेली होती. त्यांना उठून जावंसं वाटत असणार, पण जाता येत नव्हतं. खरं बोलूनही त्या खोट्या ठरत होत्या, आणि खरं दाखवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं. मित्रांनो, इतकं जखडल्यासारखं मला कधीच वाटलं नव्हतं. आजींची नळी तरी संध्याकाळी सुटणार होती. त्यांच्या कपाळावर बसलेला डाग कसा सुटणार?

आजींनी हात लांब करून माझ्या आकड्यावरची पिशवी काढली.

“बसा आधी,” त्या डॉक्टरांना म्हणाल्या. “आमच्याकडे कुणाला उभ्यानं खोटारडं म्हणत नाहीत. बसायचं, घोटभर काही घ्यायचं, मग म्हणायचं.”

डॉक्टर बसल्या. आजींनी थर्मासच्या झाकणात चहा ओतून पुढे केला. डॉक्टरांनी तो ओठांपर्यंत नेला आणि तिथेच थांबल्या. चहा लालसर होता.

“कशाचा आहे हा?”

“देवमातेच्या गवताचा. आमच्या कुरणातलं आहे. इवानदानच्या सणाला दारावर फुलांचं तोरण लावतो ना, तेव्हाच वर्षभराचं खुडून ठेवते.”

“पिवळी फुलं? पाच पाकळ्या?”

“पिवळीच.”

“पान उजेडाकडे धरलं, की बारीक भोकं दिसतात?”

“तुम्हालाही ठाऊक आहे की. शहरात मिळतं वाटतं?”

डॉक्टरांनी झाकण खाली ठेवलं. “आजी, दिवसातून किती वेळा पिता?”

“तीनदा. आजार आल्यापासून चारदा. शेजारीण म्हणाली, मनाला उभारी येते.”

“आजी, यालाच कंतारिओन म्हणतात.”

“छे. कंतारिओन म्हणजे तेल. बाटलीतलं, लाल. भाजल्यावर लावायचं.”

“ते तेल याच फुलांचं करतात.”

आजी थर्मासकडे बघत राहिल्या. त्यांच्या खेड्यात कुरणातल्या फुलांचं एक नाव होतं आणि बाटलीतल्या तेलाचं दुसरं. दोन्ही एकच, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला कधी गरजच पडली नव्हती. आणि चहाला औषध कोण म्हणतं? हे गवत पोटात गेलं, की यकृत दुप्पट जोमाने कामाला लागतं आणि ती नवी गोळी रक्तात टिकण्याआधीच मोडून बाहेर टाकतं. आजी रोज सकाळी गोळी घेत होत्या आणि रोज चार कप पिऊन तिला हाकलत होत्या. तीन महिने तो थर्मास मीच आकड्यावर मिरवत होतो.

स्लाव्हिका भिंतीला टेकून उभी होती. “चूक माझी आहे,” ती म्हणाली. “त्यांनी ‘मला कुठं भाजलंय’ विचारलं, मी हसले आणि खूण केली.”

“आपण असं लिहू शकतो, की रोग्याने माहिती दिली नाही,” डॉक्टर हळूच म्हणाल्या. त्यांना स्लाव्हिकाची नोकरी दिसत होती.

“मग आजींना काढून टाकतील,” स्लाव्हिका म्हणाली. “आणि त्यांनी माहिती दिली होती, डॉक्टर. प्रश्नाला उत्तर दिलं होतं. माझं नाव घालून लिहा.”

चाचणीवाल्यांना तसंच पत्र गेलं. आजींनी चहा त्याच दिवशी सोडला. उत्तर यायला अठरा दिवस लागले. त्या अठरा दिवसांत स्लाव्हिकाने माझा दांडा तीनदा पुसला. त्यावर पुसण्यासारखं काही नव्हतं.

उत्तर आलं: रोग्याला ठेवावे, गवताचा परिणाम ओसरेपर्यंत थांबून पुन्हा रक्त तपासावे, सिस्टरला लेखी समज द्यावी. स्लाव्हिकाने ती समज घडी करून खिशात ठेवली आणि आजींना दूरध्वनी केला. “आजी, सोमवारी या. काय पिऊन येणार?”

“पाणी,” आजी म्हणाल्या. “त्याचं नाव तुमच्याकडे काही वेगळं नाही ना?”

पुढच्या तपासणीत गोळी रक्तात नीट उतरली होती. हिवाळ्यापर्यंत अक्रोडाचा वाटाणा झाला. त्यापुढे दोन वर्षं आजी येत राहिल्या, तिहोमिरांशी भांडत राहिल्या. त्यानंतरचं मला ठाऊक नाही. नवे स्टँड आले, थेंब मोजणारी यंत्रं लावलेले. माझं वाकलेलं चाक दोन पैशांच्या खिळ्याने सरळ झालं असतं, पण मला इथे आणून ठेवलं. ही व्हरांड्यालगतची अडगळीची खोली आहे. समोर घडीच्या खाटा, मागे भिंत. दार बाहेरून बंद असतं.

पण दार पातळ आहे. सकाळी नवा रोगी आला, की स्लाव्हिकाचा आवाज ऐकू येतो. ती आता औषधाचं नाव घेऊन विचारत नाही. ती म्हणते, “सकाळी डोळा उघडल्यापासून सांगा. काय काय तोंडात जातं ते सगळं.” मग माणसं सांगत बसतात. कुणी अक्रोड घातलेली राकिया दारू सांगतो, कुणी शेजारणीने दिलेली गोळी, कुणी मठातून आणलेला मध. ती सगळं लिहून घेते.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, चाक मोडलं तर बसवून घ्या, असं मला सांगायचं होतंच. पण त्याहून महत्त्वाचं एक सांगतो. तुमच्या घरातलं मोठं माणूस दवाखान्यात जाईल, तेव्हा तुम्ही बरोबर जा. घरात चुलीवर काय उकळतं, ते तुम्हाला ठाऊक असतं. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालं, सिस्टर झालं, आणि समोरच्या आजी ‘नाही’ म्हणाल्या, तर लगेच खूण करू नका. आधी विचारा, “आजी, ‘नाही’ कशाला म्हणालात?”