अंडं उकडणारी गिटार

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसलाच, तर मला तुमची काळजी वाटेल. आजवर ही हकिकत मी पोस्टमनला सांगितली, तेव्हापासून तो दार न ठोठावता पत्रं दाराखालूनच सरकवतो. दातांच्या डॉक्टरांना सांगितली, त्यांची पकड माझ्या तोंडात असताना सांगितली, तर त्यांनी दुसराच दात उपटला. तरीही तुम्हाला सांगतो. कारण तुम्ही दोघं कालच खालच्या मजल्यावर राहायला आलात, मांडीवर तान्हं बाळ आहे, आणि जिना चढून वर आल्या आल्या ताईंनी पहिला प्रश्न हाच विचारला, की वर काकू गिटार वाजवतात म्हणे, मग आमचं बाळ झोपणार कसं?

झोपेल की. ती बघा, खिडकीपाशी बसली आहे तीच ती. उजवी बाजू आपल्याकडे, डावी रस्त्याकडे. बसायची जागाही तीच आणि तऱ्हाही तीच, वर्षानुवर्षं. मांडीवर गिटार, कानांवर हेडफोन आणि पायाशी तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा. जीव तोडून वाजवते आहे. तुम्हाला ऐकू काय येतंय? तारांची नुसती चरचर. उंदरानं कागद कुरतडावा तेवढी. तिच्या कानांत मात्र आत्ता वादळ चालू असेल. इथं आपण ताट आपटलं तरी तिला पत्ता लागायचा नाही. म्हणून तर मी असा मोकळेपणानं बोलतोय. एरवी या घरात माझी काय बिशाद!

तो डबा मी बनवला. घरी, या टेबलावर, या हातांनी.

त्याचं असं झालं. तिच्यामागे ते कपाटासारखं दिसतंय ना, ते कपाट नाही. तो ॲम्प्लिफायर आहे. लग्न होऊन ही घरात आली ती एका हातात गिटार घेऊन, आणि मागून चार माणसं धापा टाकत हे धूड घेऊन आली. आत काचेचे वॉल्व्ह आहेत, जुन्या रेडिओत असायचे तसले. ते तापल्याशिवाय गात नाहीत. आवाजाचं बटण दोनवर ठेवलं तर सर्दी झाल्यासारखं गुणगुणतात. सातवर नेलं की मग खरा गळा मोकळा होतो. मी एकदा म्हटलं, "अगं, दोनवरच वाजव ना." तर म्हणाली, "दोनवर वाजवायचं असेल तर मी विणकाम करीन."

आणि सातवर काय व्हायचं? खाली, तुम्ही आता राहता तिथंच, तेव्हा आमचे घरमालक राहायचे. हिनं सातवर पहिली तार छेडली, की पेल्यात ठेवलेली त्यांची कवळी आपली आपण कडकड वाजायला लागायची. टेबलावरचा चष्मा चालत चालत कडेपर्यंत जायचा, खाली वाकून बघायचा आणि घाबरून परत फिरायचा. मालक डोळ्यांनी नाही बघितलं म्हणतील. बरोबरच आहे, चष्मा नव्हता ना डोळ्यांवर.

एक दिवस ते काठी आपटत वर आले. "येत्या रविवारी मी पुन्हा येईन," ते म्हणाले, "तेव्हा हे धूड इथं दिसता कामा नये. दिसलं, तर तुमचं बिऱ्हाडही दिसता कामा नये. उचलायला दोन हमाल मीच घेऊन येतो."

मला वाटलं, ही आता आकाशपाताळ एक करणार. छे! धूड ढकलत ढकलत दाराशी नेलं आणि त्यावर आपली कपड्यांची बॅग ठेवली.

"हे काय?" मी विचारलं.

"हे बाहेर गेलं की मीही निघाले. माझ्या ताईकडे. तिच्या घराला शेजार नाही."

"आणि मी?"

"तुम्ही राहा की इथंच. तुम्ही कुठं सातवर वाजता?"

हसू नका. संसार नवा, आणि माझी बायको एका लाकडी खोक्यामागून घर सोडून जायला निघालेली. भांडली असती तर समजूत काढता आली असती. ती नुसतीच येता-जाता त्या बॅगेचा पट्टा सारखा करायची. बघा, तेव्हा दिसायलाही काय होती! आजही आहे म्हणा. आहा, आता कसं संथ वाजवतेय. लहर लागली वाटतं.

तर मी होतो शेगडीवाला. विजेच्या शेगड्या, इस्त्र्या, पाणी तापवायचे हीटर दुरुस्त करायचो. गिटारमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हटलं, आवाज कुठून येतो? स्पीकरमधून. मग स्पीकरची तारच उपटून टाकू. हात घातला मात्र, ही वीज पडल्यासारखी ओरडली.

"थांबा! स्पीकर काढून तसंच चालू केलं तर आतला ट्रान्सफॉर्मर जळेल. त्याला समोर आठ ओहमचं ओझं लागतं."

"ओझं म्हणजे?"

"म्हणजे त्यानं जो जोर काढला, तो कुणीतरी खायला हवा."

"कुणीही खाल्ला तरी चालतो?"

"कुणीही. पण तोंड मिटून खाणारा हवा."

तोंड मिटून खाणारा! अहो, तसले तर माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेले होते. शेगडीची कॉइल! मी एक अख्खी कॉइल घेतली, मीटर लावला आणि बरोबर आठ ओहम भरतील एवढाच तुकडा कापला. आता दुसरा कुणी असता तर डाग द्यायला, म्हणजे सोल्डर करायला बसला असता. पण कॉइलच्या तारेला डाग धरत नाही, हे शेगडीवाल्यालाच ठाऊक. मी पितळी स्क्रू आणि चकत्यांमध्ये ती आवळून बसवली. मध्येमध्ये फाटे काढले, आणि ते एका जुन्या पंख्याच्या बटणाला जोडले. पाचवर ठेवलं तर स्पीकर पहिल्यासारखा गरजणार. चार, तीन, दोन करत खाली यावं तसतसा जास्त जोर कॉइलच्या पोटात, कमी स्पीकरकडे. एकवर कुजबुज. आणि अगदी बंद केलं की स्पीकर गप्प. सगळा जोर कॉइलला, आणि त्यातला चमचाभर हेडफोनला. वॉल्व्हना वाटतं आपण सातवर गरजतोय, घरमालकांना वाटतं घर रिकामं आहे.

आता हेडफोनची खोबण. तिथं खरी कसोटी. तिला तीन पाय असतात. एक डाव्या कानाचा, एक उजव्याचा आणि एक दोघांत सामाईक. अर्धवट माणूस काय करतो? गडबडीत एकाच कानाला तार जोडतो, झाकण लावतो आणि चहा प्यायला जातो. मी तसला नव्हे. मी डावा आणि उजवा, दोन्ही पाय एकाच तारेत बांधले. आजतागायत दोन्ही कानांत सारखं वाजतंय, तसूभर फरक नाही.

ऐकलंत? केवढी करकरली तार! चुकली बिचारी. वयोमानानं होतं असं.

आणि काम किती पक्कं म्हणाल, तर आजवर तिनं मला तो डबा पुन्हा उघडू दिलेला नाही. मी अधूनमधून म्हणतो, "आण, स्क्रू आवळतो, धूळ काढतो." तर म्हणते, "हात लावू नका. मला हवा तस्साच चाललाय." याला म्हणतात पावती.

फक्त एक गोष्ट झाली. हाताची सवय, दुसरं काय? कुणी शहाण्यानं असल्या डब्याला भोकं पाडली असती, गरमी बाहेर जाऊ दिली असती. मी मात्र जन्मभर शेगड्याच बसवलेल्या. कॉइल मातीच्या ताटलीत घातली ती वर तोंड करून, आणि झाकण बसवलं ते थेट तिच्या डोक्यावर. शेगडीवाल्यानं काहीही बनवलं की त्याची शेगडीच होणार!

पहिल्यांदा हिनं डबा जोडून सातवर वाजवलं, तेव्हा घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. हिचे डोळे मिटलेले. मी चहाचा कप निवावा म्हणून सहज झाकणावर ठेवलेला. गाणं संपेपर्यंत चहा उकळून बशीत उतरला.

"काका, गिटारनं चहा उकळला?"

मग ताई, जोर जाणार कुठं? चमचाभर कानात, बाकी सगळा कॉइलमध्ये. तुमचे साहेब मान डोलावताहेत, त्यांना विचारा. इथवरचं सगळं खरं आहे. म्हणजे पुढचंही खरंच आहे.

मला नाद लागला. हळूहळू अंदाज आला. संथ चाल वाजवली की दूध कोमट व्हायचं, बाळाला द्यावं इतपत. जलद वाजवली की अंडं अर्धकच्चं उकडायचं. आणि शेवटी एखादी तार ओढून, थरथरवत धरून ठेवली, की पिवळं आतपर्यंत घट्ट.

रविवार उजाडला. घरमालक हजर, मागे दोन हमाल. धूड आणि त्यावरची बॅग दाराशीच. ही हेडफोन लावून, डोळे मिटून सातवर वाजवतेय. मालकांनी भिंतीला कान लावला. काही नाही. काठी टेकून जमिनीला कान लावला. काही नाही.

"वाजवायला कधी सुरुवात करणार?" त्यांनी मला दरडावलं.

"मघापासून चालूच आहे."

ते जास्तच चिडले. माणूस भांडायला म्हणून सकाळपासून तयारी करून यावा, आणि भांडणच सापडू नये! तेवढ्यात त्यांचं नाक हललं. डब्यावर पातेल्यात अंडी होती. मी एक सोलून, मीठ लावून पुढे केलं. त्यांनी खाल्लं. बोटांना लागलेलं मीठ चाटलं. मग म्हणाले, "आतून थोडं मऊ राहिलंय. बाईंना सांगा, जरा आठवर घ्या."

हमालांनी एकेक खाल्लं आणि खाली उतरले, ते रिकाम्या हातांनी. म्हातारा मात्र दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी अंडं हातात घेऊन जिन्यात उभा. मग वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई इस्त्री तापवायला यायला लागली. थंडीत सगळा जिना हात शेकायला इथं गोळा व्हायचा, आणि कुणाचे हात गार राहिले की ही चाल बदलायची.

"काका, आता जरा जास्त होतंय हं."

जास्त? अजून बेकरी राहिली! कोपऱ्यावरच्या बेकरीची भट्टी एकदा ऐन सकाळी बंद पडली. बेकरीवाला रडकुंडीला आला. हिनं बैठक मारली आणि वाजवत सुटली. पाटीभर पाव भाजून निघाले, असे फुगलेले, असे सोनेरी! एकदाच तिचं बोट घसरलं, तेवढा एक पाव एका बाजूनं करपला.

हे काय, पुन्हा करकरली. आज तारा उतरल्यात वाटतं तिच्या.

असो. शेवटी एकदा घरमालकांना वाटलं, आपण रोज ज्याच्यावर उकडलेलं खातो, ते वाजतं तरी कसं ते ऐकावं. हिनं हेडफोन काढून त्यांच्या डोक्यावर चढवला. दोन्ही कानांवर दोन्ही तळवे दाबून ते बसले. आणि बघता बघता त्यांच्या डोळ्यांना धारा! म्हणाले, "अहो शेगडीवाले, डाव्या कानात जेवढं तेवढंच उजव्यातही! तसूभर फरक नाही! काय हात आहे तुमचा!" मग उठले, अजून दाराशीच असलेली हिची बॅग स्वतःच्या हातांनी आत नेऊन ठेवली आणि म्हणाले, "बाई, असा नवरा सोडून कुठं निघाला होतात?"

तशी ही पुढे आली. हिनं माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यांत पाणी. म्हणाली...

"काका, काकू वाजवायच्या थांबल्या वाटतं."

दम खात असेल हो. तिला कुठं काय ऐकू येतंय? तर ही म्हणाली, "चुकलं माझं. तुमच्यासारखा कारागीर शोधून..."

"खोटं! साफ खोटं! 'चुकलं माझं' असं या तोंडानं मी जन्मात कधी म्हटलेलं नाही! आणि म्हणे दोन्ही कान! अहो, उजव्या कानाची तार तुम्ही जोडलीच नाहीत. पहिल्या दिवसापासून या बाजूला नुसता शुकशुकाट आहे, आणि त्या शुकशुकाटात बसून मी दर वेळी सगळं ऐकतेय. चालणारा चष्मा ऐकतेय, अंडं ऐकतेय, शिंपीणबाई ऐकतेय. पण पाव? गेल्या वेळेपर्यंत पाव नव्हते!"